मंगळाच्या नावाचे शहर : कैरोच्या धुळीतून दिसलेले आकाश

इ.स. ९६९ मध्ये फातिमी सेनापती जौहर याने इजिप्त जिंकले आणि फुस्तात या जुन्या नगराच्या उत्तरेस नव्या राजधानीची आखणी सुरू केली. कथा अशी सांगतात की, आखलेल्या सीमेवर खांब रोवून त्यांना दोर बांधले होते आणि दोरांना घंटा लावल्या होत्या. ज्योतिषी आकाशाकडे डोळे लावून बसले होते. शुभ घटिका येताच ते दोर हलवणार आणि घंटा वाजताच हजारो मजूर एकदम कुदळ मारणार, अशी योजना होती. पण त्याआधीच एक कावळा दोरावर येऊन बसला. घंटा वाजल्या, कुदळी पडल्या. त्या क्षणी क्षितिजावर मंगळ उगवत होता. अरबी ज्योतिषात मंगळाचे एक नाव ‘अल-काहिर’, म्हणजे दमन करणारा. त्यावरून शहराचे नाव पडले ‘अल-काहिरा’. आपण त्याला कैरो म्हणतो.

कथा सुरेख आहे आणि बहुधा खोटी आहे. जवळपास हीच कथा अल-मसऊदी या इतिहासकाराने अलेक्झांड्रियाच्या स्थापनेविषयी लिहून ठेवली होती आणि तो स्वतः कैरो वसण्याच्या तेरा वर्षे आधी, ९५६ मध्ये वारला. म्हणजे कावळा जुनाच, शहर मात्र नवे. तरीही लोकांनी ही कथा कैरोला चिकटवली, यात एक अर्थ आहे. जे शहर आकाशाकडे पाहून वसले असे शेकडो वर्षे मानले गेले, त्या शहरातून आज आकाश जवळजवळ दिसत नाही.

वाळवंटातील शहर म्हटले की प्रवाशाच्या मनात एक ठरलेले चित्र असते. कोरडी हवा, निरभ्र रात्र, ताऱ्यांनी गच्च भरलेले आभाळ. कैरोत उतरलेला प्रवासी रात्री गच्चीवर जातो आणि त्याला दिसते ते पिवळट राखाडी छत. चंद्र, एखाद-दुसरा ग्रह आणि मोजून काही ठळक तारे. मग तो म्हणतो, आधुनिक शहराने आकाश गढूळ केले. हे विधान अर्धेच खरे आहे. गढूळपणा फार जुना आहे, नवा आहे तो उजेड. या दोहोंमधला फरक समजला तर कैरोच्या आकाशाचा इतिहासही समजतो.

आधी धुळीकडे पाहू. जिथे नाईल नदी फाटे फुटून त्रिभुज प्रदेशात पसरते, त्या टोकाशी कैरो आहे. पूर्वेस मुकत्तमच्या चुनखडीच्या टेकड्या, पश्चिमेस गिझाच्या पलीकडे थेट सहारा. वसंतात दक्षिणेकडून ‘खमसीन’ नावाचा उष्ण वारा सुटतो. नावाचा अर्थ पन्नास. साधारण पन्नास दिवसांच्या काळात तो अधूनमधून वाहतो आणि आकाश गेरूसारखे करून सोडतो. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेचा एकच थर ओलांडून येतो, पण क्षितिजापासून सात अंशांवर असलेल्या ताऱ्याला तसे सुमारे आठ थर ओलांडावे लागतात. धूळ थोडी असली तरी ती आठ पटींनी आड येते. म्हणून वाळवंटी शहरात आकाश आधी कडेने मरते.

ही अडचण फॅरोंच्या काळापासून आहे. व्याधाचा तारा सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या प्रभेत लपून राहतो आणि मग एका पहाटे पूर्व क्षितिजावर क्षणभर दिसतो. प्राचीन इजिप्तमध्ये हा क्षण नाईलच्या पुराची वर्दी मानला जाई. हे दर्शन होते ते नेमके क्षितिजालगत, म्हणजे धूळ आणि नदीचे धुके सर्वांत दाट असते तिथे. त्या पहाटे हवा मळकट असली तर व्याध एखादा दिवस उशिरा ‘उगवे’.

मध्ययुगीन कैरोची हवा कशी होती, हे सांगणारा एक उत्तम साक्षीदार आहे. त्याचे नाव अली इब्न रिदवान. गिझा येथे एका पाव भाजणाऱ्याच्या घरी तो जन्मला. शिक्षणासाठी पैसे नव्हते, म्हणून कुंडल्या मांडून आणि औषधे देऊन त्याने पोट भरले. पुढे तो इजिप्तमधील वैद्यांचा प्रमुख झाला. इजिप्तमधील रोगांपासून बचाव कसा करावा, यावर त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यात फुस्तातच्या हवेचे जे वर्णन आहे, ते वाचून आजच्या कोणत्याही महानगराच्या रहिवाशाला ओळख पटेल. हमामखान्यांच्या भट्ट्यांचा धूर, अरुंद गल्ल्यांत कोंडलेली हवा, गल्ल्यांत टाकलेली मेलेली जनावरे, उन्हाळ्यात उडणारी धूळ. माणूस कामासाठी बाहेर पडून परत येतो तेव्हा चेहरा आणि दाढी धुळीने माखलेली असते, असे तो सांगतो. संध्याकाळी, विशेषतः उन्हाळ्यात वारा पडला की, शहरावर एक गढूळ, काळपट वाफ चढते, हेही तो नोंदवतो. हवा आणि रोग यांचा संबंध शोधणारा हा वैद्य दहाव्या-अकराव्या शतकातला आहे. धुराचे छत ही केवळ कारखान्यांच्या युगाची देणगी नाही, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

आणि याच माणसाने, याच हवेतून, मानवाने नोंदवलेला सर्वांत तेजस्वी तारा पाहिला.

३० एप्रिल १००६. इब्न रिदवान तेव्हा शिकत असलेला तरुण होता. दक्षिण आकाशात वृश्चिकाच्या बाजूला एक नवा तारा प्रकटला. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावर पुढे लिहिलेल्या भाष्यात इब्न रिदवानने त्याची आठवण नोंदवली आहे. आकाराने तो गोल आणि शुक्राच्या अडीच ते तीन पट होता. त्याच्या तेजाने आकाश उजळले होते आणि त्याचा प्रकाश चंद्रप्रकाशाच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक होता. हा प्रत्यक्षात तारा जन्मल्याचा नव्हे, तारा फुटल्याचा प्रकाश होता. आजचे खगोलशास्त्र त्याला अतिनवतारा म्हणते. आपल्यापासून त्याचे अंतर सुमारे ७,००० प्रकाशवर्षे आहे. चीन, जपान, येमेन, अगदी आल्प्सच्या पायथ्याचा सेंट गॅलचा मठ, अशा ठिकठिकाणी त्याची नोंद झाली. पण आकाशातील जागा नेमकी ठरवण्यासाठी इब्न रिदवानची नोंद विशेष मोलाची ठरली, कारण त्याने त्या दिवशीच्या सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या राशीतील स्थितीही लिहून ठेवल्या होत्या. तारीख पक्की झाली ती त्यांच्यामुळे. कुंडल्या मांडून पोट भरण्याचा हा असाही उपयोग झाला.

कैरोहून हा तारा दक्षिणेस अधिकात अधिक सुमारे बावीस अंश वर येत असे. क्षितिजापासून एवढ्या उंचीवर हवेचे अडीच-पावणेतीन थर आड येतात. शिवाय एप्रिलचा शेवट म्हणजे खमसीनचा हंगाम. त्या विशिष्ट रात्री वारा होता की नव्हता, याची नोंद नाही. मात्र शहर तेच होते, धूळ आणि भट्ट्यांचा धूर तोच होता आणि तरीही तारा दिसला.

इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण गोष्ट फार गमतीची आहे. १०४९ मध्ये बगदादचा ख्रिस्ती वैद्य इब्न बुतलान प्रवास करीत, अलेप्पो आणि अँटिऑक पाहत, फुस्तातला आला. इब्न रिदवानशी त्याचे लवकरच बिनसले. वाद पेटला तो कोंबडी आणि पक्ष्याचे पिल्लू यांपैकी कोणाची प्रकृती अधिक उष्ण, या प्रश्नावरून! पण दोघांनी एकमेकांवर निबंधांमागून निबंध लिहिले. इब्न बुतलानने प्रतिस्पर्ध्याच्या कुरूपतेवरून त्याला ‘जिन्नांची मगर’ म्हटले. सुमारे तीन वर्षांनी तो वैतागून कॉन्स्टँटिनोपलला निघून गेला. तिथे असताना त्याने लिहिले की, हिजरी ४४६ या वर्षी मिथुन राशीत एक ठळक तारा उगवला. त्या काळात शहरात मोठी साथ आली आणि पुढे नाईलचा पूर कमी आल्याने फुस्तातचेही हाल झाले. हिजरी ४४६ म्हणजे इ.स. १०५४-५५. चिनी ज्योतिषांनी ज्याची नोंद केली आणि ज्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखले जातात, तोच हा १०५४ चा अतिनवतारा, असे अनेक अभ्यासक मानतात. तारा आज वृषभ तारकासमूहात दाखवतात, पण सायन गणनेप्रमाणे तो मिथुन राशीतच येत होता, त्यामुळे विसंगती राहत नाही. एकमेकांचे तोंडही न पाहू इच्छिणारे दोन वैद्य आणि त्या दोघांच्या लेखणीतून एकाच शतकातील दोन अतिनवताऱ्यांची साक्ष. ती प्रथम जुळवून पाहिली गेली ती विसाव्या शतकात.

पुन्हा कैरोकडे. कोणी म्हणेल, एवढा तेजस्वी तारा कुठल्याही हवेतून दिसला असता. खरे आहे. म्हणून इब्न युनुसचे उदाहरण अधिक बोलके ठरते. अल-अझीझ आणि अल-हाकिम या दोन खलिफांच्या काळात, ९७७ ते १००३ या वर्षांत, इब्न युनुस कैरोच्या परिसरातून वेध घेत होता. त्याचा ‘अल-झीज अल-हाकिमी अल-कबीर’ हा ग्रंथ मध्ययुगीन ज्योतिषातील अत्यंत काटेकोर ग्रंथांपैकी एक आहे. १३ डिसेंबर ९७७ चे सूर्यग्रहण पाहण्यासाठी विद्वानांचा एक मेळा कराफा भागातील मशिदीत जमला होता, असे त्यात नमूद आहे. ग्रहण लागताना आणि सुटताना सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता, हे मोजून त्यांनी वेळ ठरवली. १९ मे १००० च्या संध्याकाळी पश्चिमेस शुक्र आणि बुध यांची युती झाली, तेव्हा बुध शुक्राच्या उत्तरेस अंशाच्या एक तृतीयांश अंतरावर होता, हीही नोंद त्याचीच. एक तृतीयांश अंश म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीहूनही कमी. आधुनिक गणिताने ही युती खरी ठरते.

वेध घेण्यासाठी इब्न युनुसने काय निवडले, ते पाहावे. ग्रहणे, ग्रहांच्या युती, ठळक ताऱ्यांचे उन्नतांश. त्याच्या नोंदींतील ग्रहणे १८७८ मध्ये सायमन न्यूकॉम्ब यांनी चंद्राच्या गतीच्या अभ्यासासाठी वापरली. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे शतकानुशतके किती मंदावत आहे, हे शोधताना आजचे संशोधकही त्यांकडे वळतात. हे सारे वेध सूर्य, चंद्र आणि ठळक ग्रहांचे आहेत. म्हणजे नेमके तेच, जे आजच्या कैरोच्या गच्चीवरूनही दिसते.

मग हरवले ते काय? उत्तर शेजारच्या इराणमध्ये सापडते. सुमारे ९६४ साली अब्द अल-रहमान अल-सूफी याने स्थिर ताऱ्यांवरील आपल्या ग्रंथात देवयानी तारकासमूहाजवळ एका ‘लहान ढगा’ची नोंद केली. ती आपल्या आकाशगंगेपलीकडची देवयानी दीर्घिका होती. तिच्या ज्ञात नोंदींतली ही सर्वांत जुनी. असला अंधुक डाग धुळीतून कधीकधी दिसू शकतो. दिव्यांच्या उजेडातून नाही. धूळ ताऱ्याचा प्रकाश कमी करते, पण तिच्यामागचे आकाश काळेच राहते. शहराचा उजेड त्या धुळीवर पडला की धूळ स्वतःच चमकू लागते आणि काळे आकाश राखाडी होते. या दोन शत्रूंची युती हेच वाळवंटी शहराचे खास दुर्दैव आहे. पावसाने हवा धुऊन निघेल, अशी आशाही तिथे फारशी नसते.

दिवे तेव्हाही होते. इराणी प्रवासी नासिर खुसरो १०४७ मध्ये फुस्तातला पोहोचला. चौदा-चौदा मजल्यांची घरे पाहून तो थक्क झाला. दूरून पाहिले तर शहर डोंगरासारखे दिसते, असे त्याने लिहिले. काही बाजारांत आणि गल्ल्यांत ऊन कधीच जमिनीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिथे दिवसाही दिवे तेवत ठेवावे लागतात, हेही त्याने टिपले. खलिफा अल-हाकिमने तर काही काळ रात्री बाजार उघडे ठेवण्याचा आणि दिवे लावण्याचा हुकूमच काढला होता. मग लहर फिरली आणि रात्रीच्या फिरण्यावर बंधने आली. स्वतः तो मात्र गाढवावर बसून मुकत्तमच्या टेकड्यांत रात्री एकटा भटकत असे. फेब्रुवारी १०२१ मधील अशाच एका रात्री तो गेला तो परतलाच नाही. तेलाच्या दिव्यांचा तो उजेड गल्लीच्या भिंतींत अडकून पडे. टेकडी चढून गेलेल्याला काळोखच भेटे.

हा काळोख संपू लागला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. खेदीव इस्माईलच्या काळात कैरोत गॅसचे दिवे आले, रुंद रस्ते आले. पुढे वीज आणि ट्राम आल्या. १८६८ मध्ये अब्बासिया येथे उभारलेली वेधशाळा वाढत्या शहराच्या वेढ्यात सापडू लागली. १९०३ मध्ये ती कैरोच्या दक्षिणेस हेल्वान येथे नेली गेली. हेल्वान तेव्हा वाळवंटाच्या कडेचे, गंधकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले, हवापालटाचे शांत गाव होते. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधील उद्योजक आणि हौशी खगोल अभ्यासक जॉन रेनॉल्ड्स यांनी दिलेली ३० इंची आरशाची दुर्बीण तिथे बसवली गेली.

१९०९ मध्ये साऱ्या युरोपातील वेधशाळा हॅलेच्या धूमकेतूची वाट पाहत होत्या. ७५-७६ वर्षांनी येणारा हा पाहुणा प्रथम कोणाला दिसतो, याची चुरस होती. ११ सप्टेंबरला जर्मनीत मॅक्स वुल्फ यांनी तो छायाचित्रात पकडला आणि मान त्यांना मिळाला. नंतर जुन्या काचा तपासल्या गेल्या. हेल्वानला नॉक्स-शॉ यांनी २४ ऑगस्टला घेतलेल्या काचेवर तो ठिपका आधीच उमटलेला होता! इतका अंधुक की तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. इजिप्तच्या त्या वाळवंटी आकाशाची तेव्हाची गुणवत्ता एवढी होती.

हे आकाश हेल्वानला फार तर अर्धे शतक लाभले. १९५० च्या दशकात नासर यांच्या राजवटीत औद्योगिकीकरणासाठी हेल्वानचीच निवड झाली. पोलादाचा प्रचंड कारखाना आला, सिमेंटचे कारखाने वाढले, कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला पोलाद हवे होते, हे समजण्यासारखेच आहे. भारतातही त्याच वर्षांत भिलाई आणि राउरकेला उभे राहत होते. पण सिमेंटची पूड आणि कारखान्यांचे दिवे यांनी मिळून हेल्वानचे आकाश गिळले. वेधशाळेला पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागले. ७४ इंची नवी दुर्बीण १९६० च्या दशकात कैरो–सुएझ रस्त्याकडच्या वाळवंटात, कत्तामिया येथील टेकडीवर उभी राहिली. शंभर वर्षांच्या आत अब्बासिया, हेल्वान, कत्तामिया असे हे स्थलांतर. वाळवंटात पाऊल ठेवायला जागा अफाट आहे म्हणून ते शक्य झाले, असे वाटते खरे. पण शहरही त्याच वाळवंटात पाय पसरत होते. २०१५ मध्ये घोषित झालेली इजिप्तची नवी प्रशासकीय राजधानी कैरोच्या पूर्वेस, सुएझच्याच दिशेने बांधली जात आहे.

धुळीनेही आपला हक्क सोडलेला नाही. १९९९ पासून जवळपास दर शरदात कैरोवर एक ‘काळा ढग’ उतरू लागला. त्रिभुज प्रदेशातील शेतकरी भातकापणीनंतर पेंढा जाळतात, रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जाऊ शकत नाही. दिल्लीकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. इब्न रिदवानने वर्णिलेली वारा पडलेल्या संध्याकाळची काळपट वाफ याच कारणाने साचत असणार. फरक इतकाच की त्याच्या काळी तिला खालून उजळणारे लाखो दिवे नव्हते.

समजा १००६ चा तारा आज फुटला, तर कैरोत तो दिसेलच. शुक्राहून तेजस्वी तारा कोणताही दिवा लपवू शकत नाही. प्रश्न वेगळा आहे. तो तारा नवा आहे, हे कळले कारण त्याच्या भोवतीचे लहान तारे लोकांना ठाऊक होते. जिथे दक्षिण आकाशात एरवी एकही तारा दिसत नाही, तिथे अचानक एक ठिणगी पेटली तर माणूस आधी विमान समजेल, मग ड्रोन. बातमी येईपर्यंत तो वर पाहणारही नाही.

अतिनवताऱ्याचे अवशेष १९६५ मध्ये रेडिओ दुर्बिणीने ओळखले गेले. डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही. पृथ्वीचा अक्ष हळूहळू सरकत असल्याने ती जागा कैरोहून आता आणखी खाली गेली आहे. दक्षिणेस जेमतेम अठरा अंश. पुण्या-मुंबईहून ती अधिक वर, तीस अंशांच्या आसपास, मे महिन्याच्या रात्री ज्येष्ठा आणि नरतुरंगाच्या ताऱ्यांच्या मध्ये शोधता येते. कैरोत मुकत्तमच्या कड्यावर उभे राहून दक्षिणेला नजर टाकली, तर ती बरोबर हेल्वानच्या वर येते. पोलादाचा तो कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. रेनॉल्ड्स यांच्या दुर्बिणीची वेधशाळा अजून त्याच टेकडीवर आहे. तिच्या पायथ्यापासून मुकत्तमपर्यंत आता सलग दिवे आहेत.